बगळ्याचे पाय

बीदरच्या जिल्हा निवडीत श्रीदेवी जिंकली, पण ज्या तऱ्हेनं जिंकली ते सुकन्याच्या गळी उतरत नव्हतं.

चव्वेचाळीस किलो गटाची शेवटची लढत होती. चार मिनिटांतली साडेतीन मिनिटं श्रीदेवी भालकीच्या पोरीची कॉलर धरून नुसती उभी राहिली. ज्युडोत हल्ला न करता उभं राहणं हा गुन्हा असतो. पंचांनी एक शिक्षा दिली, मग दुसरी दिली. तिसरी म्हणजे थेट हार. अकरा सेकंद उरले असताना भालकीची पोर उतावीळ झाली, अंगावर झेपावली आणि स्वतःच घसरून पडली. श्रीदेवीनं तिला तिथंच पाठीवर दाबून धरलं आणि घड्याळ संपलं तरी वीस सेकंद पुरे होईपर्यंत सोडलं नाही; वेळेत लागलेली पकड पुढंही मोजतात, आणि वीस सेकंद म्हणजे जीत. टाळ्या पडल्या. मॅटच्या कडेला प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसलेल्या सुकन्यानंही टाळ्या वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये श्रीदेवीनं शेंगांची पुडी पुढं केली.

"मॅडम, जितलंय न्हाई का? तोंड कामून असं करून बसलाव?"

"जिंकलीस ग. पण ती घसरली नसती तर?"

"तुमीच म्हणलाव की, वाट बघ म्हणून. वाट बघितली, घसरली."

वाट बघ असं सुकन्यानंच शिकवलं होतं आणि लढत थांबली की खुर्चीतून तेच सांगितलं होतं.

बारा दिवसांनी कलबुर्गीला विभागाची निवड होती. प्रत्येक वजनात एकच मुलगी राज्याला जाणार होती. श्रीदेवीचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला मोठ्या गटात खेळावं लागणार, आणि तिथं पोलिसांतल्या, सैन्यातल्या पंचविशीच्या बायका असतात. मन्नाएखेळ्ळीच्या गोदामात शिकलेल्या पोरीला तिथं पहिल्या फेरीतच घरचा रस्ता दिसतो. यंदा राज्याला गेली आणि पहिल्या तिघींत आली तर क्रीडा वसतिगृहात जागा, जेवण, रोजचा सराव. नाही गेली तर चार वर्षांची मेहनत तिथंच संपली. हे श्रीदेवीला ठाऊक होतं, तिच्या आईबापाला ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त सुकन्याला ठाऊक होतं.

सुकन्या मन्नाएखेळ्ळीच्या हायस्कुलात शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. माहेर बीदरचं. वडील श्रीनिवासराव कॉलेजात शिकवायचे. घरात पुस्तकं होती, शेत नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी तिनं राज्य स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं होतं, तेही वाट बघून. समोरची चुकेपर्यंत थांबायचं आणि चुकली की पाडायची. तेव्हा पंचांना एवढी घाई नसे.

हायवेलगत सिद्धलिंगप्पांची तूरडाळीची मिल आहे. तिथलं एक रिकामं गोदाम त्यांनी वर्गासाठी दिलं होतं. विकतच्या मॅट परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून पोत्यांत तुरीचा भुसा दाबून भरला होता आणि वरून ताडपत्री ताणून बांधली होती. कुणी जोरात पडलं की शिवणीतून बारीक धूळ उडायची आणि आजूबाजूचे चार जण शिंकायचे. पोरं तेवीस होती. या तेवीस पोरांत सुकन्याचं नाव झालं होतं ते तिच्या निसर्गाच्या पाठांमुळे. दर सोमवारी एक प्राणी किंवा एक झाड. मुंगसाची चपळाई, सरड्याचा धीर, वाऱ्यात वाकणारी ज्वारी. सगळ्यांत लाडका पाठ बगळ्याचा. भिंतीवर तिनं बगळ्याचा मोठा फ्लेक्स लावला होता: पांढराशुभ्र पक्षी, मान आखडलेली, डोळा रोखलेला, छातीपासून खालचं अंग पाण्यात. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'जो हलत नाही तो जिंकतो.' प्रत्येक मुलाची एक निसर्गवही होती. आठवड्यातून एकदा बाहेर जाऊन बघायचं, लिहायचं, आणि मॅडमकडून लाल शाईत सही घ्यायची. एका वार्ताहरानं या वह्यांवर बातमीसुद्धा छापली होती.

बीदरहून परतल्यावर तिनं श्रीदेवीला नेहमीपेक्षा कडक सराव दिला. पण सरावातही पोर तशीच उभी राहायची. हात पक्के, मान ताठ, नजर रोखलेली आणि पाय जमिनीत पुरल्यासारखे. जोडीदारीण यल्लम्मा, बावन्न किलोची, एकदा वैतागून म्हणाली, "मॅडम, हिला सांगा की. मी काय खांब धरून उभारलेय का?"

तिसऱ्या दिवशी येळवस आली.

मार्गशीर्षातल्या या अमावास्येला या भागात गावं ओस पडतात. दुकानं बंद, शाळा रिकामी, सगळं गाव शेतात. कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि शेतातच जेवायचं. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेताचं बोलावणं असतं, आणि ते मोडायचं नसतं. सुकन्याला सराव बुडवायची इच्छा नव्हती. निवडीला नऊ दिवस राहिले होते. तिनं श्रीदेवीला सकाळी गोदामावर ये असं सांगून बघितलं.

"येळवसला?" श्रीदेवीनं असं विचारलं की जणू मॅडमनी भर रस्त्यात जेवायला बसायला सांगितलंय. "अव्वा मारंल मला. आन् तुमालाच बोलावलंय की. अप्पा म्हणलेत, मॅडम न्हाई आल्या तर खोपीत पाय ठेवू नको."

मग स्कूटर काढून सुकन्या गेली.

श्रीदेवीच्या वडिलांचं, भीमण्णाचं, शेत तळ्याला लागून होतं. तूर वाळायला आली होती, शेंगा खुळखुळत होत्या. हरभरा घाट्यांवर होता. तिच्या आईनं, बसम्मानं, भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले आणि गाडग्यातली आंबील ओतली.

"घ्या अक्का. शहरात असली भज्जी मिळत न्हाई. शेंगा, वाटाणा, मेथी, घरात येईल ते सगळं टाकलंय."

"बस्स झालं बसम्मा. आता सराव घ्यायला उठता येणार नाही मला."

"आज काय सराव. आज बैलालाबी सुट्टी."

जेवणं झाली. भीमण्णा खोपीच्या सावलीत टेकला होता. उंच, हाडकुळा माणूस, बोलायला मोकळा. लेकीच्या खेळाची त्याला बारीकसारीक माहिती होती, पण त्याबद्दल मॅडमपुढं बोलायला तो लाजायचा. आज पोट भरलं होतं, त्यामुळे जीभ सैल झाली.

"मॅडम, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा की."

"बीदरला पंचानं दोनदा दंड केला म्हणं. ही म्हणायलीय, मी बगळ्यागत उभारले म्हणून केला. खरं का?"

"हल्ला केला नाही म्हणून केला. पण बगळ्याचं मीच शिकवलंय. तो हलत नाही, म्हणून मासा फसतो."

भीमण्णा हसला. हसणं आवरायला त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, तरी हसू राहिलंच.

"काय झालं?"

"न्हाई, काय न्हाई."

"बोला, भीमण्णा."

"मॅडम, तुमी बगळा कुठून बघितलाव?"

"कुठून म्हणजे? रोज बघते. तळ्याच्या रस्त्यावरून तर येते मी."

"गाडीवरून."

"हो."

"किती येळ?"

बसम्मानं नवऱ्याकडं डोळे वटारले. "पाहुण्यांना असं बोलायलाव का?"

"बोलू दे ग." सुकन्या उठली. "चला. दाखवा."

भीमण्णा पुढं, मागं सुकन्या, तिच्यामागं श्रीदेवी, असे तिघं बांधावरून तळ्याकडं गेले. बांधाच्या आडोशाला भीमण्णानं दोघींना खाली बसवलं आणि बोटानं गप्प राहायची खूण केली. वीसेक हातांवर, घोट्याएवढ्या पाण्यात एक बगळा होता. पांढरा, काळ्या चोचीचा. मान आखडलेली, अंग स्थिर. हुबेहूब फ्लेक्सवरचा. सुकन्याला वाटलं, भीमण्णाचीच चूक आहे.

"वर बघू नका," भीमण्णा पुटपुटला. "खाली बघा."

तिनं खाली बघितलं. पाणी निवळ होतं. बगळ्याचे पाय काळे होते, पण पंजे पिवळेजर्द, जणू हळदीत बुडवलेले. त्यातला एक पंजा थरथरत होता. नुसता थरथरत नव्हता, चिखल घुसळत होता. एका जागी चार-पाच झटके, गढूळ ढग उठला, पाऊल पुढं, पुन्हा झटके. वरचं अंग तसूभरही हलत नव्हतं. तिसऱ्यांदा चिखल उठला तेव्हा त्यातून काहीतरी बाहेर पळालं, आणि चोच कधी खाली गेली आणि कधी वर आली ते सुकन्याला दिसलंच नाही. फक्त गळ्यातून खाली सरकणारी गाठ दिसली.

तिघं तिथं तासाहून जास्त वेळ बसले. सुकन्यानं मोजायला सुरुवात केली, तशी तिची सवयच होती. एक्केचाळीस वेळा पाय हलला, नऊ वेळा चोच गेली, सहा वेळा काहीतरी मिळालं. तळ्याच्या पलीकडच्या काठाला एक करडी ढोकरी, बगळ्याच्याच जातीतली, मात्र खरोखरच दगडासारखी उभी होती. तितक्या वेळात तिनं एकदाच चोच मारली.

"हे पांढरं हाय न्हवं, ते वाट बघत न्हाई," भीमण्णा हळू आवाजात म्हणाला. "ते मासळीला उठवतंय. आन् उगा कुठंबी पाय हलवत न्हाई. जिथं चोच मारायची तिथलाच चिखल हलवतंय. ढोकरी उभारतीय, पर तिचं पोट लहान."

सुकन्यानं श्रीदेवीकडं बघितलं. श्रीदेवी पाण्याकडं बघत होती, पण तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं. ते सुकन्याच्या ध्यानात आलं.

"तुला माहीत होतं?"

श्रीदेवीनं मान खाली घातली.

"श्रीदेवी. माहीत होतं का?"

"वहीत लिवलं होतं मी," ती म्हणाली. "पैल्या महिन्यात. तुमी लाल केलाव."

बांधावरून परतताना हरभऱ्याच्या वाफ्यात सुकन्याचा पाय गेला. बसम्मानं काळजीनं विचारलं तेव्हा तिनं काही नाही असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच गोदामात बसली आणि कपाटातल्या सगळ्या वह्या काढल्या. श्रीदेवीची पहिली वही शोधायला वेळ लागला नाही. तारीख चार वर्षांपूर्वीची, तेरा वर्षांच्या पोरीचं पसरट अक्षर. 'बगळा मान हलवत नाही. पण पाय हलवतो. पाय पिवळे आहेत. पायाने माती उकरतो.' या ओळींवर लाल रेघ होती, आणि बाजूला तिच्याच हातचं, सुवाच्य: 'नीट बघ. बगळा स्थिर असतो.' खाली श्रीदेवीनं पुन्हा लिहिलं होतं: 'बगळा स्थिर असतो. तो हलत नाही म्हणून जिंकतो.' त्याखाली लाल सही आणि 'छान'.

मग तिनं बाकीच्या वह्या उघडल्या. बगळ्याचं पान बहुतेक सगळीकडं सारखंच. काही वह्यांत तर तिचीच वाक्यं तिच्याच क्रमानं होती. सरड्याचंही तसंच, मुंगसाचंही तसंच. तेवीस पोरं चार वर्षं बाहेर जाऊन येत होती आणि आत येऊन फळ्यावरचं उतरवत होती. ज्यांनी वेगळं बघितलं होतं त्यांच्या पानांवर लाल रेघा होत्या. तिनं त्या मोजल्या. सव्वीस.

एवढं बघून तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढायचा हेही कळत होतं. श्रीदेवी चार वर्षं मॅटवर बगळ्यासारखी उभी राहिली होती ती आळसानं नव्हे. खरं काय ते तिनं बघितलं होतं, आणि ते सोडून द्यायला सुकन्यानं तिला शिकवलं होतं. आता आठ दिवस होते.

संध्याकाळी पोरं जमली. नमस्कार झाला. सुकन्या ताडपत्रीच्या मधोमध उभी राहिली.

"बगळ्याचा पाठ मी चुकीचा शिकवला," ती म्हणाली. "मी तो नीट बघितला नव्हता. श्रीदेवीनं बघितला होता आणि बरोबर लिहिला होता. मी खोडला. आणखी सव्वीस ठिकाणी असंच खोडलंय. त्यातलं किती बरोबर आणि किती चूक, मला माहीत नाही."

पोरं एकमेकांकडं बघू लागली. शिक्षकानं असं बोलावं याची त्यांना सवय नव्हती. मागच्या रांगेतून रेवणसिद्धानं हात वर केला. नववीतला, तोंडाचा फटकळ.

"मॅडम, मग मुंगूस पण चूकच हाय का?"

"माहीत नाही. जाऊन बघ. अर्धा तास बघ. बघशील ते लिही, मी सांगितलेलं लिहू नको."

"आन् मुंगूस दिसलंच न्हाई तर?"

"तर दिसलं नाही असं लिही."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सुकन्याही थोडी हसली आणि म्हणाली, "चला, जोड्या लावा."

त्या आठ दिवसांत श्रीदेवीला तिनं एकच गोष्ट दिली. वरचं अंग आहे तसंच ठेवायचं, ते चांगलं होतं. काम पायांनी करायचं. ज्युडोत पायाचे बारीक डाव असतात. समोरच्याच्या टाचेला आतून किंवा बाहेरून आपला तळवा लावून पाय ओढायचा. कुणी त्यानं सहसा पडत नाही. पण पाय सोडवायला त्याला हलावं लागतं आणि हलला की तोल जागेवर राहत नाही. तो क्षण पकडून मोठी फेक करायची.

पहिल्या दिवशी श्रीदेवी पाय नुसतेच नाचवू लागली. यल्लम्मा जागची हलली नाही.

"गुदगुल्या करायलीस का ग?" यल्लम्मा म्हणाली.

"उगा हलवू नको," सुकन्यानं थांबवलं. "दिखाव्याच्या हल्ल्यालाही पंच शिक्षा देतात. तुझे अप्पा काय म्हणाले?"

"जिथं चोच मारायची तिथलाच चिखल."

"मग चोच कुठं मारणार ते आधी ठरव."

चार वर्षांची सवय आठ दिवसांत जात नाही. श्रीदेवीचे पाय मधूनच पुन्हा रुतायचे, विशेषतः दमली की. सुकन्या पहाटे साडेपाचला गोदाम उघडायची, शाळेनंतर पुन्हा उघडायची. दोनशे वेळा आतली टाच, त्यानंतर वळणं. दोनशे वेळा बाहेरची टाच, त्यानंतर वळणं. तिसऱ्या दिवशी श्रीदेवीच्या पायाच्या अंगठ्याचं कातडं निघालं. तिनं पट्टी बांधली आणि एकशे चौदावरून पुढं मोजायला लागली. पाचव्या दिवशी यल्लम्मा पहिल्यांदा पडली. पडल्या पडल्या धुळीत शिंकली आणि म्हणाली, "आता कसं. आता माणसासोबत खेळल्यागत वाटायलंय."

सहाव्या दिवशी पुन्हा सगळं बिघडलं, एकही फेक लागली नाही. श्रीदेवीनं पट्टा सोडून कोपऱ्यात टाकला आणि भिंतीला टेकून बसली.

"मॅडम, मला जुनंच येतंय. तेच खेळते."

सुकन्या तिच्यासमोर ताडपत्रीवर बसली.

"जुनं माझं आहे. तू बघितलेलं तुझं आहे. तुला कोणतं पाहिजे?"

श्रीदेवी बराच वेळ अंगठ्याची पट्टी कुरवाळत राहिली. मग उठली, पट्टा उचलला आणि बांधला. "यल्ला," ती म्हणाली, "ये. उभार."

कलबुर्गीचं स्टेडियम मोठं होतं आणि मॅट खऱ्या होत्या. वजन त्रेचाळीस किलो आठशे भरलं. पहिली लढत श्रीदेवीनं दीड मिनिटात जिंकली, दुसरीला अडीच लागली. दोन्हींत पाय चालले. शेवटच्या लढतीत समोर कलबुर्गीचीच सौम्या आली. गेल्या वर्षीची विजेती, डावखुरी, खांदे रुंद. घरचं मैदान, गॅलरीतून कन्नडमध्ये तिच्या नावाचा गजर चालू होता.

पंचांनी 'हाजिमे' म्हटलं आणि लढत सुरू झाली.

पहिल्या मिनिटातच सुकन्याला जे नको होतं ते दिसलं. सौम्याचा डावा हात कॉलरवर आला, वजन अंगावर आलं आणि श्रीदेवीचे पाय रुतले. मान ताठ, नजर रोखलेली. पंचांनी लढत थांबवली आणि श्रीदेवीला शिक्षा दिली. पहिली.

लढत चालू असताना प्रशिक्षकाला तोंड उघडायची परवानगी नसते. थांबली की तेवढ्यात बोलायचं. श्रीदेवी गीचा, म्हणजे ज्युडोच्या पोशाखाचा, पट्टा सावरत तिच्याकडं बघत होती. सुकन्यानं पुढं झुकून सांगितलं, "पाय." तेवढ्यात लढत सुरू झाली.

श्रीदेवीनं पाय हलवले, पण कसे, तर मॅडमनी सांगितले म्हणून. चिखल कुठला आणि चोच कुठं, काही ठरलेलं नव्हतं. सौम्यानं ते ओळखलं आणि तिला मॅटच्या कडेपर्यंत रेटलं. पुन्हा थांबा. दुसरी शिक्षा.

आता एक चूक आणि संपलं. बीदरचंच पुन्हा घडत होतं, फक्त समोरची घसरणारी नव्हती. श्रीदेवीनं पुन्हा खुर्चीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता, आता काय करू. सुकन्याच्या जिभेवर तीन सूचना होत्या, तिन्ही बरोबर होत्या. तिनं त्या गिळल्या.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तुला काय दिसलं?"

श्रीदेवीनं क्षणभर तिच्याकडं बघितलं. मग मान वळवून सौम्याकडं बघितलं. सौम्या गी नीट करत होती.

"रेटताना उजवा पाय पुढं टाकतीय," श्रीदेवी म्हणाली. "लई पुढं."

"हं."

पंचांनी हात खाली केला. सव्वा मिनिट उरलं होतं.

श्रीदेवीनं कॉलर धरली, वरचं अंग स्थिर केलं. सौम्या रेटायला लागली. तिचा उजवा पाय पुढं आला तसा श्रीदेवीचा तळवा टाचेला आतून लागला. सौम्यानं पाय काढून घेतला. पुन्हा रेट, पुन्हा पाय, पुन्हा तळवा. तिसऱ्यांदा सौम्याला ते टोचायला लागलं. ती पाय पुढं टाकायला कचरू लागली, रेट कमी झाला. पंचांनी थांबवून या वेळी सौम्याला शिक्षा दिली. गॅलरीचा आवाज थोडा खाली आला. चार मिनिटं संपली, गुण कुणालाच नाही. आता घड्याळ नव्हतं. जिला आधी गुण मिळेल ती जिंकणार, आणि श्रीदेवीला आणखी एक शिक्षा झाली तर सौम्या.

सुकन्यानं दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून ठेवले होते.

जादा वेळेचं पहिलं मिनिट तसंच गेलं. दोघींची दमछाक झाली होती. श्रीदेवीचा अंगठा फुटला होता, मॅटवर लाल ठिपके पडत होते. पंचांनी डॉक्टरला बोलावलं, पट्टी नवी बांधली गेली. तेवढा वेळ श्रीदेवीनं खुर्चीकडं बघितलंच नाही. ती सौम्याच्या पायांकडं बघत होती.

लढत सुरू झाली. आतली टाच. सौम्यानं पाय मागं घेतला. लगेच बाहेरची टाच. सौम्यानं पाय उचलला, एका पायावर आली आणि तोल सावरायला जोरानं पुढं रेटली. त्या रेट्यातच श्रीदेवी वळली, काखेखाली खांदा घातला, गुडघे वाकवले आणि उठली. सौम्याचं अंग तिच्या पाठीवरून गेलं. ती पूर्ण पाठीवर नाही, कुशीवर पडली. पंचांनी हात बाजूला आडवा केला. वाझारी. अर्धाच गुण, पण जादा वेळेत तो पुरतो.

श्रीदेवी उठली, नमस्कार केला, सौम्याला हात दिला आणि मॅटवरून लंगडत खाली आली. सुकन्या खुर्चीवरून उठली तेव्हा तिच्या हातांना मुंग्या आल्या होत्या.

"झालं का मॅडम?" श्रीदेवीनं विचारलं. तिला श्वास घेता येत नव्हता.

"झालं."

पाच वाजता संघाची यादी लागली. चव्वेचाळीस किलोसमोर श्रीदेवीचं नाव होतं, राखीव म्हणून सौम्याचं. राज्य स्पर्धा एकोणीस दिवसांवर. श्रीदेवीनं भीमण्णाला फोन केला. तिकडून बसम्माच बोलली, की ते बाहेर जाऊन उभारलेत, त्यांना बोलता येत न्हाई.

बसस्टँडवर मन्नाएखेळ्ळीच्या गाडीला अर्धा तास होता. बाकावर बसून सुकन्यानं आयोजकांकडून फोनवर आलेला लढतीचा व्हिडिओ उघडला आणि कागदावर खुणा करायला लागली. श्रीदेवी शेजारी पाय लांब करून इडली खात होती.

"बावीस वेळा पाय गेला," सुकन्या शेवटी म्हणाली. "त्यातले पाच नुसते दिखाव्याचे. राज्याचे पंच ते सोडणार नाहीत."

श्रीदेवीनं मान तिरकी करून कागदाकडं बघितलं, मग फोनकडं.

"पाच न्हाई मॅडम. चार."

"मी दोनदा बघितलंय. पाच."

"हा न्हाई." तिनं तेलकट बोटानं पडद्यावर एक जागा दाखवली. "हा खरा होता. तिनं पाय काढलाय, बघा. तुमी माझ्याकडं बघत असाल. तिच्या पायाकडं बघा."

सुकन्यानं व्हिडिओ मागं नेला आणि फोन डोळ्यांजवळ धरला.